एफडी मोडू नकोस, आधी तीन शॉट पूर्ण कर

पत्र

ताई, मी २८ वर्षांची आहे. डोंबिवलीला राहते आणि दादरच्या एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते, म्हणजे दातांवरच्या कॅप बनवते. सात वर्षं झाली. आमच्याकडे आता डिझाईन कॉम्प्युटरवर होतं, मशीन कॅप कापून देतं, त्यामुळे मेणाचं काम करणारे काका घरी बसले. मी एक्झोकॅड, म्हणजे दातांच्या डिझाईनचं सॉफ्टवेअर, शिकले म्हणून टिकले.

गेल्या दिवाळीत मामेभावाच्या ग्रुपने एक लघुपट केला. गोष्ट १९८२च्या गिरणी संपातली, आणि चाळीच्या मागे चक्क मोबाईलचा टॉवर. त्याने सहज विचारलं, हा काढता येईल का? मी युट्यूबवर बघत बघत काढला. पहाटेचे साडेतीन झाले हे आईने दार वाजवलं तेव्हा कळलं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. सिनेमा बघायला बसले की गोष्टीकडे लक्षच नसतं, कडा बघत बसते.

अंधेरीच्या एका इन्स्टिट्यूटने व्हीएफएक्सच्या, म्हणजे चित्रित दृश्यात कॉम्प्युटरवर असे बदल करण्याच्या, पंधरा महिन्यांच्या कोर्सचे साडेतीन लाख सांगितलेत, 'हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट' म्हणतात. बाबा रिटायर झालेत, ते एफडी मोडायला तयार आहेत. आई म्हणते, आधी लग्नाचं बघ. लॅबचे सर म्हणतात, नोकरी सोडलीस तरी युनिटप्रमाणे, म्हणजे दर कॅपमागे पैसे देऊन, काम देत जाईन. माझं वय गेलंय का? एआय सगळं करणार असेल तर शिकून उपयोग काय? आणि यात मी कलाकार होईन की नुसती माऊस चालवणारी?

– ए-टू, डोंबिवली

उत्तर

प्रिय ए-टू,

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. बाबांची एफडी मोडायची नाही. नोकरी इतक्यात सोडायची नाही. आणि पहाटे साडेतीनपर्यंत जे करत बसली होतीस ते मात्र थांबवायचं नाही.

तुझी सही वाचून हसू आलं. माझ्या एका कॅपच्या वेळी डॉक्टरांनी ती सोळा शेडची माळ दातांशी धरली होती, म्हणून ए-टू हे दाताच्या एका शेडचं नाव, हे ओळखता आलं. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्टही तीच, तुझं दात जुळवण्याचं काम, आणि नेमकी ती तू एका वाक्यात उरकलीस. माझी उमेदीची वर्षं गोरेगाव-मालाडच्या स्टुडिओंत कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये बेमालूम बसवण्याचं काम, करण्यात गेली, आता नव्या मुलांना शिकवते. सॉफ्टवेअर त्यांना काही महिन्यांत येतं. बघायला शिकायला वर्षं लागतात, आणि काहींना ते शेवटपर्यंत जमत नाही. तू सात वर्षं पगार घेऊन तेच शिकते आहेस.

रोज काय करतेस बघ. कुणाचा तरी पुढचा एक दात तुटलेला असतो, शेजारचा शाबूत. शाबूत दाताशेजारी शेडची पट्टी धरून काढलेला फोटो डॉक्टर पाठवतात आणि तू थरावर थर चढवत दुसरा दात करतेस. हिरडीजवळ जरा पिवळट, टोकाला जवळजवळ काचेसारखा. नुसता रंग जुळून भागत नाही, प्रकाश आत किती शिरतो आणि कसा परततो तेही जुळावं लागतं. ट्यूबलाईटखाली बेमालूम वाटलेली कॅप खिडकीपाशी नेली की उघडी पडते, हे मी तुला काय सांगायचं! सेटवर शॉट संपला की व्हीएफएक्सचा माणूस कॅमेऱ्यासमोर एक करडा गोळा, एक आरशासारखा गोळा आणि रंगांच्या चौकोनांचा तक्ता धरून उभा राहतो. बाकी युनिट चहाकडे पळालेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर सगळे वैतागलेले असतात. पण ती आमची शेड गाईड. उजेड कुठून येतोय, सावली किती गडद आहे, रंग कुठे झुकलाय, हे त्यावरून कळतं. आणि प्रकाश वस्तूच्या आत शिरून पसरतो त्याला आमच्याकडे सबसर्फेस स्कॅटरिंग म्हणतात. त्वचा, मेण, दूध, दात, सगळीकडे ते लागतं. कॉम्प्युटरवर केलेला चेहरा मेल्यासारखा दिसतो तो पुष्कळदा तिथेच फसलेला असतो.

तेव्हा वय गेलेलं नाही. हा मुद्दा संपला.

कलाकार की माऊस चालवणारी, हा प्रश्न मात्र सोपा नाही आणि त्याला गोड उत्तर द्यायची माझी तयारी नाही. तुझी लॅब दादर पूर्वेला असेल तर दादासाहेब फाळके रोडवरून तुझं जाणंयेणं असणार. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' फाळक्यांनी दादरलाच एका बंगल्यात केला. त्याआधी भांडवल मिळवायला त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपून पडद्यावर दाखवलं होतं. जे. जे.मध्ये शिकलेला, फोटोग्राफी केलेला, छापखाना चालवलेला, जादूचे प्रयोगही करणारा हा माणूस. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, तर सुरुवातीलाच तिचा चेहरा दाखवून तो कृष्णाच्या रूपात विरघळवला आहे. आधी माझी पोर बघा, मग तिचा कृष्ण बघा! युक्ती लपवण्याऐवजी तिचीच मजा वाटायची. पुढे १९३७च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये बाबूभाई मिस्त्रींनी वस्तू काळ्या दोऱ्यांनी अधांतरी हलवल्या, आणि लोक त्यांनाच 'काला धागा' म्हणायला लागले. या मंडळींना तुझा प्रश्न पडला असेल असं मला वाटत नाही, कारण काय दाखवायचं आणि ते कसं करायचं हे दोन्ही त्यांच्याच हातात होतं.

आजच्या स्टुडिओत ते दोन वेगळ्या माणसांकडे असतं. ज्युनियरकडे येते एक प्लेट, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेला मूळ शॉट, आणि एका ओळीची सूचना. समज शॉट पाच सेकंदांचा आहे. सेकंदाला २४ प्रमाणे १२० फ्रेम. नायिका गेटवेवर उभी आहे, केस मोकळे आहेत आणि वारा सुटलाय. माणूस मागच्या दृश्यापासून सहज वेगळा काढता यावा म्हणून मागे हिरवं कापड लावतात, ते लावायला कुणाला वेळ झाला नाही. तुला १२० फ्रेममध्ये तिची कड काढायची आहे. हे रोटो. मुंबईत बहुतेकांची सुरुवात इथून किंवा पेंटमधून होते. तू टॉवर काढलास ते पेंटचं काम. मग कॅमेऱ्याची हालचाल शोधणारे मॅचमूव्हवाले, मग लायटिंग, आग-धूर-पाणी करणारं एफएक्स, आणि शेवटी सगळं एकत्र बसवणारं कंपोझिटिंग. यात निर्णय घ्यायला मिळतात ते वरच्या टप्प्यांवर, काही वर्षांनी. नाव पडद्यावर येईलच असंही नाही. परदेशी चित्रपटांच्या नामावलीत इथल्या रोटोवाल्यांची नावं कितीदा तरी गळतात. हे पटत नसेल तर आत्ताच ओळखून घे. 'माझ्या मनातलं पडद्यावर' या अर्थाने कलाकार व्हायचं असेल तर ती जागा सध्या तुझ्या मामेभावाच्या ग्रुपमध्ये जास्त आहे, आणि तो धरून ठेवायला पगारी नोकरी आड येत नाही.

दुसरं, पहाटे साडेतीनच्या आनंदाबद्दल. पहिली रात्र सगळ्यांनाच आवडते. तू स्वतःहून केलेलं काम, टॉवर गेला, भाऊ खूश. या धंद्यात शॉट पहिल्या फटक्यात कधीच पास होत नाही. डेलीजमध्ये, म्हणजे रोजच्या पाहणीत, तो मोठ्या पडद्यावर फिरवून फिरवून बघतात. 'डावी कड थरथरतेय.' सुधारतेस. 'आता कड ठीक, पण केस कापल्यासारखे दिसतायत.' सुधारतेस. 'क्लायंट म्हणतो आधीचीच बरी होती.' ही अतिशयोक्ती समजू नकोस. इथल्या बऱ्याच कामाचे मालक बाहेरच्या वेळेवर चालतात. १९९७मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसचं व्हीएफएक्सचं काम २०१४मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी जोडलं गेलं, आणि त्यातूनच आलेल्या आजच्या डीनेगसारख्या ठिकाणी लंडनला सकाळ झाली की इथे दुपार कलंडलेली असते. नोट्स संध्याकाळी येतात. अकराव्या व्हर्जनलाही तुला त्या कडेत रस उरला, तर मी म्हणेन की हे तुझं काम आहे. तोवर मी नुसतं कौतुक करीन.

एआयचं उत्तर तूच पत्रात लिहून ठेवलंयस. मेणाचे काका घरी बसले, तू राहिलीस. मशीनने आकार काढला, पण शेड लावायला आणि पृष्ठभागावर हात फिरवायला माणूस लागलाच. आमच्याकडेही तसंच चाललंय. २०२१मध्ये न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉपीकॅट नावाचं साधन आलं. काही फ्रेम हाताने करून दिल्या की उरलेल्या ते त्यावरून शिकून करतं. साधा रोटो हळूहळू यंत्राकडे सरकतोय आणि ते थांबणार नाही. त्यामुळे नुसत्या रोटोच्या भरवशावर साडेतीन लाख घालणं मला मूर्खपणाचं वाटतं, मग सांगणारा कितीही गोड बोलो. मात्र यंत्राने काढलेली कड फ्रेमागणिक लुकलुकते का, जोडलेल्या माणसाची सावली जमिनीला टेकते का, हे बघणारा डोळा लागतो. तुझा ओढा कडांकडे, म्हणजे कंपोझिटिंगकडे दिसतो, ठीक. पण लुक डेव्हलपमेंट आणि लायटिंग हे विभागही नीट बघ. वस्तू कशाची आहे आणि उजेडात कशी वागते, हे ठरवणारी ती कामं. एक्झोकॅडमुळे त्रिमितीत वस्तू फिरवणं, तिच्या पृष्ठभागाची जाळी, तो आकार साठवणारी एसटीएल फाईल हे तुला परकं नाही. वर्गात येणाऱ्या मुलांना इथवर यायलाच कितीतरी आठवडे जातात.

पैशाचं आता. नव्याने लागणाऱ्यांचे पगार मुंबईत कमीच आहेत, आणि सात वर्षांच्या अनुभवावर तुला लॅबमध्ये जे मिळतं त्याहून ते बरेच खाली असतील हे धरून चाल. काही ठिकाणी प्रशिक्षणाच्या बदल्यात बाँड लिहून घेतात. सही करण्याआधी घरी आणून वाच. आणि धंदा हेलकावे खातो. २०१३च्या फेब्रुवारीत ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकन व्हीएफएक्स कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात तिच्याच कामासाठी 'लाइफ ऑफ पाय'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्यांचं मुंबईतही ऑफिस होतं. २०२३मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले आणि इथल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. २०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा व्हीएफएक्स स्टुडिओंचा समूह कोसळला, तेव्हा भारतात, मुख्यतः बंगळुरूत, हजारो लोकांची कामं गेली. घाबरवायला सांगत नाही. पण ज्यांच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता आणि दुसरं काहीतरी हातात होतं, ते अशा वेळी तगले. तुझ्या सरांनी युनिटप्रमाणे काम द्यायची तयारी दाखवलीय. अशी ऑफर फार थोड्यांना मिळते, तिच्यावर पाणी सोडू नकोस.

इन्स्टिट्यूटला माझा सरसकट विरोध नाही. बरोबरीची मुलं भेटतात, वेळेवर बसायची सवय लागते. पण 'हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट' हे शब्द पावतीवर लिहून मागून बघ. तिथे बहुधा 'प्लेसमेंट असिस्टन्स' असं काहीतरी येईल. मागच्या बॅचच्या पाच मुलांच्या शोरील, म्हणजे निवडक शॉट जोडून केलेल्या नमुन्याच्या फिती, दाखवा म्हणावं. कंपोझिटिंग शिकवणाऱ्याने शेवटचा शॉट कधी डिलिव्हर केला ते विचार. एका तासाला मागे बसू देतात का ते बघ. मध्येच सोडलं तर किती पैसे परत, तेही. तिथल्याच काऊंटरवर कर्जाचा फॉर्म पुढे केला तर पेन खाली ठेव आणि घरी ये.

आणि डोंबिवली. गोरेगाव-मालाडकडे जायचं म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून अंधेरीपर्यंत मेट्रो, मग पुन्हा वेस्टर्नची लोकल. सकाळी हे कसंबसं जमेल. डिलिव्हरीच्या आठवड्यात रात्री अकराला निघून कसं जमणार? २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षेची व ने-आणीची सोय मालकाने करायची असते. मुलाखतीतच विचार, गाडी दारापर्यंत सोडते की स्टेशनपर्यंत. विचारायला लाजू नकोस. आईची अर्धी काळजी तिथेच मिटेल. लग्नाची काळजी मला मिटवता येणार नाही, तो तुमचा घरचा मामला.

तर येत्या सहा महिन्यांत काय करायचं? शिकायला लागणारं जवळजवळ सगळं फुकट आहे. त्रिमितीचं सॉफ्टवेअर ब्लेंडर फुकट, न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट, फक्त ती फुल एचडीच्या वर चित्र काढून देत नाही, जे तुला सध्या नकोच आहे. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर नवा घेऊ नकोस. तीन शॉट कर, प्रत्येकी पाच सेकंदांच्या आसपास, आणि तिन्ही पूर्ण कर. अर्धवट शॉटचे फोल्डर प्रत्येकाकडे असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

पहिला: फोन स्टँडवर लाव आणि सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गायब कर. टॉवर काढलास तसंच, फक्त यावेळी बाबांना टाकीसमोरून चालत जायला सांग. त्यांच्या कडा हाताने काढ. कंटाळा येईल, यायलाच हवा, तो किती सोसतो तेच बघायचंय. चालताना हात धूसर होतात ती धूसरता राख, नाहीतर बाबा पुठ्ठ्याचे दिसतील.

दुसरा: फोन हातात धरून जिन्याने उतर आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची नोटीस बदल. मेंटेनन्सच्या थकबाकीच्या जागी काय लावायचं ते तुझ्यावर. कागद बोर्डाला चिकटलेला राहिला पाहिजे, आणि बोर्डाला काच असेल तर काचेतलं प्रतिबिंब नव्या कागदावरही दिसलं पाहिजे. इथे महिना जाईल. जाऊ दे.

तिसऱ्या शॉटसाठी तू लॅबमधून दातांचा प्लास्टरचा साचा घरी आण. खिडकीपाशी टेबलावर ठेवून चित्रित कर, आणि त्याच जागी काहीतरी करडं आणि काहीतरी चकचकीत ठेवूनही एकेकदा टिप. मग ब्लेंडरमध्ये तसाच दुसरा साचा करून खऱ्याच्या शेजारी ठेव. तुझ्याकडे स्कॅनर आहे, सरांची परवानगी घेऊन वापर. पेशंटचा साचा असेल तर नावाची चिठ्ठी काढ. प्लास्टर साधं असतं, प्रकाश फारसा आत घेत नाही, म्हणून आधी ते. ते जमलं की त्यातल्या एकाच दातावर सिरॅमिकची कॅप चढव. तिथे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तपासायची रीतही सांगून ठेवते. शॉट झालासा वाटला की गॅमा, म्हणजे चित्राचा उजळपणा, खूप वर ने, मग खूप खाली ने. सावल्यांतला काळा जुळत नसेल तर लगेच दिसतं. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे बघ. आणि शॉट उलटा-सुलटा, आडवा फिरवून बघ, डोळा सरावला की चूक लपते. मग कुणाला तरी दाखव. मामेभावाला नको, त्याच्यावर तुझे उपकार आहेत. ज्याला तुझ्याशी देणंघेणं नाही अशा काम करणाऱ्या माणसाला दाखव, तो जे म्हणेल ते लिहून घे आणि वाद न घालता सुधार. असं चार-पाचदा होऊ दे.

हे तिन्ही शॉट जमले तर एक-सव्वा मिनिटाची शोरील होते. सगळ्यात चांगला शॉट पहिला, मग आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते टप्प्याटप्प्याने, आणि त्यात नेमकं तू काय केलंस ते अक्षरात. ट्यूटोरियलमधला शॉट त्यात घालू नकोस. तोच स्फोट आणि तेच अंतराळयान बघून भरती करणाऱ्यांचे डोळे शिणलेले असतात. प्लास्टरच्या दातांचा शॉट माझ्यासमोर तरी अजून आलेला नाही. त्या शोरीलवर अर्ज कर आणि काय उत्तरं येतात ती बघ. कोर्सची गरज आहे का, असेल तर कशाचा, हे तेव्हा ठरव. अंधेरीचं इन्स्टिट्यूट सहा महिन्यांनीही तिथेच असेल आणि तुला फोन करत असेल.

रविवारी सवड काढून पेडर रोडच्या राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयात जाऊन ये. आईलाही ने. मुलगी रात्रभर कसल्या धंद्याला लागलीय हे तिला माझ्या पत्रापेक्षा तिथे लवकर कळेल.

तिसरा शॉट झाला की मला पाठव. खरा साचा डावीकडे ठेवलास की उजवीकडे, ते लिहू नकोस.

– ताई